नांव आणि हांक

खेड्यांतील ख्रिस्ती घरांत मूल जन्मलें म्हणजे थोड्याच दिवसांत आईबाप उपदेशकाकडे येतात व विचारितात, "नांव काय ठेवावें?" उपदेशक पवित्र शास्त्र उघडून पांचसात नांवें वाचून दाखवितो. पूर्वीं आईबाप त्यांतलें एक निवडून संतोषानें घरीं जात. आतां ते थोडे घुटमळतात, आणि खालच्या आवाजांत दुसरा प्रश्न विचारितात: "या नांवाला शाळेंत पोरें हंसणार तर नाहींत ना?" हा दुसरा प्रश्न पुष्कळांस क्षुल्लक वाटतो. कोणी कोणी तर तो विचारणाऱ्या आईबापांस विश्वासांत दुर्बळ ठरवितात. आमच्या मतें तो प्रश्न क्षुल्लक नाहीं, आणि विचारणारा दुर्बळही नाहीं. दुसऱ्याच्या संमतीवांचून आपण त्याच्यावर काय घालावें, आणि जगाच्या हंसण्याला किती भ्यावें, असे दोन मोठे नैतिक प्रश्न त्या एका प्रश्नाच्या पोटांत आहेत. जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील बंधुभगिनींनीं त्यांचा शांतपणें विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माणसाजवळ असलेल्या सर्व वस्तूंत नांव ही मोठी विलक्षण वस्तु आहे. ज्याचें तें नांव, त्यानें तें निवडलेलें नसतें. आणि ज्याचें तें नांव, तोच तें सर्वांत कमी उच्चारितो. तें दुसऱ्यांनीं दिलेलें व दुसऱ्यांच्याच तोंडीं असलेलें धन आहे. अंगरखा तोकडा झाला तर टाकून देतां येतो, घर गळूं लागलें तर शाकारतां येतें. नांव मात्र पाळण्यांत अंगावर चढतें आणि थडग्यापर्यंत उतरत नाहीं. म्हणून नांव देणें हें आईबापांच्या अधिकारांतील पहिलें मोठें कृत्य होय. अधिकार जितका मोठा, आणि ज्याच्यावर तो चालवावयाचा तो जितका दुबळा, तितकें तें काम अधिक भिऊन करावें. हा नियम धान्य मोजून देणाऱ्याला लागू आहे, पंचांना लागू आहे, आणि पाळण्याजवळ उभ्या असलेल्या आईबापांनाही लागू आहे.

आपल्या डोंगरांत तर ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पाड्यावरचें मूल सहासात वर्षांचें झालें म्हणजे पुष्कळदां आश्रमशाळेंत राहावयास जातें. आईबाप दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जावयाचे असले तर त्यांना दुसरा उपायही नसतो. मुलाच्या पेटींत दोनतीन कपडे असतात. घरची चूल, आजीची गोष्ट, ओळखीचा ओहोळ, घरांत बोलावयाची बोली, हें सर्व मागें राहतें. घरचें म्हणून बरोबर येतें तें एक नांव. हजेरी घेतांना पहिल्याच दिवशीं त्या नांवाचा हशा झाला, तर त्या लेंकराजवळ घरचें असें काय उरलें? मोठ्या माणसाला चेष्टा ही चिलटासारखी वाटते. पण ज्याच्याजवळ एकच पांघरूण आहे त्याच्या पांघरुणाला पडलेलें भोंक लहान म्हणूं नये.

हंसणाऱ्यांस निमित्त शोधावें लागत नाहीं, हेंही खरें आहे. याकोबाला मुलें "कोबी" म्हणतात. हन्नेला हांक मारिली कीं मागून दुसरा कोणी "हाण ना!" म्हणून ओरडतो. मार्थेला "कोणाला मारता?" असें विचारितात, आणि मोशे हें नांव ऐकतांच म्हशींस हांकल्यासारखा आवाज काढितात. बरें, शास्त्रांतील नांव नको म्हणून जुनें ठेवावें, तर बुध्याचा "बुद्धू" होतो, आणि मंगळीला मंगळ आहे असें म्हणून मुली तिच्यापासून दूर पळतात. शहरी थाटाचें नांव ठेवावें, तर "पाड्यावरचा साहेब आला" असें ऐकावें लागतें. इसहाक या नांवाचा अर्थच हंसणें असा आहे. आणि शास्त्र सांगतें कीं त्याच्या बापाच्या घरांतच त्याचा सावत्र भाऊ त्याला हंसला. कोणतेंही नांव चेष्टेपासून अगदीं सुरक्षित नाहीं. यावरून कोणी म्हणेल, मग विचार तरी कशाला करावा? पण सगळ्याच रानांत कांटे आहेत म्हणून लेंकराला अनवाणी धाडावें, असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. आईबापांकडून नांव देतांना दोन प्रकारचे दोष होतात. ते दोन्ही टाळतां येण्याजोगे आहेत, म्हणून ते नीट ओळखले पाहिजेत.

पहिला दोष अवहेलनेचा. ज्या घरांत मुलें जगत नाहींत त्या घरांत धोंडू, दगडू, केरू, भिकू अशीं नांवें ठेवण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र होती. मुलाला दगड म्हटलें, केर म्हटलें, तर मृत्यूला त्याचा लोभ सुटणार नाहीं, अशी ती समजूत. या चालीच्या मुळाशीं आईबापांचें दुःख व प्रेम आहे, हें आम्ही विसरत नाहीं. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें बालकें दगावलीं तें दुःख ज्या डोंगरानें पाहिलें, त्या डोंगरांतील माणसानें अशा आईबापांस हंसूं नये. परंतु ज्यानें आपल्या डोक्याचे केंसही मोजले आहेत त्या बापावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांना मृत्यूला फसविण्यासाठीं मुलाला केर म्हणण्याची गरज नाहीं. मूल वांचतें तें मातेच्या पोटांत पडलेल्या अन्नानें, वेळेवर टोंचलेल्या लसीनें, आणि देवाच्या दयेनें. वाईट नांवानें नव्हे.

अवहेलनेचा याहून वाईट प्रकार मुलींच्या वांट्यास आला. मुलगा हवा असतां मुलीमागून मुलगी झाली म्हणजे तिचें नांव "नकुशी" ठेवावयाचें. नकुशी म्हणजे नको असलेली. ही गोष्ट कोणत्या पुराणांतील नव्हे. सातारा जिल्ह्यांत अशा नांवाच्या मुलींची गणना झाली, आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजीं साताऱ्यास समारंभ करून २८५ मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं. त्या दिवसापर्यंत त्यांपैकीं शाळेंत जाणारी मुलगी रोज हजेरीच्या वेळीं "नको असलेली" या हांकेला "हजर" म्हणून उठत होती! दुसऱ्यांनीं चेष्टा करण्याची येथें वाटही पाहावी लागली नाहीं. चेष्टा घरांतूनच पदरीं बांधून दिलेली होती. याच्या उलट उदाहरणही आपल्याच लोकांत आहे. पंडिता रमाबाईंस १८८१ सालीं कन्या झाली, तेव्हां तिचें नांव मनोरमा ठेविलें. मनाला रमविणारी असा त्याचा अर्थ. एका नांवानें आपल्या जन्माची आई-बापांस लाज वाटली असें मुलगी शिकते, आणि दुसऱ्या नांवानें आपल्या जन्माचा त्यांस हर्ष झाला असें शिकते. हा फरक अक्षरांचा नव्हे.

कोणी विचारील, होशेय संदेष्ट्याला देवानेंच आपल्या कन्येचें नांव लो-रुहामा, म्हणजे दया न पावलेली, आणि पुत्राचें नांव लो-अम्मी, म्हणजे माझे लोक नव्हत, असें ठेवावयास सांगितलें, तें कसें? उत्तर असें कीं तीं नांवें त्या लेंकरांवर राग म्हणून ठेविलेलीं नव्हतीं. पाप करणाऱ्या राष्ट्राला तो आरसा दाखविला होता. आणि तेथेंही देव थांबला नाहीं. त्याच पुस्तकांत पुढें तो वचन देतो कीं दया न पावलेलीवर मी दया करीन, आणि जे माझे नव्हत त्यांस मी आपले म्हणेन. राहेलीनें मरतेवेळीं आपल्या मुलाला बेनओनी, माझ्या दुःखाचा पुत्र, असें नांव दिलें. पण याकोबानें तें राहूं दिलें नाहीं, त्याला बन्यामीन म्हटलें. पत्नीचें दुःख त्याला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण तें दुःख जन्मभर त्या मुलाच्या पाठीवर बांधूं नये, एवढी दया त्याच्यांत होती. मुलाच्या नांवांत आपलें दुःख, आपला राग, आपली निराशा लिहिण्याचा अधिकार आईबापांस नाहीं.

दुसरा दोष अभिमानाचा. हा दोष आपल्या मंडळ्यांत अधिक आहे आणि तो भक्तीचा वेष घेऊन येतो, म्हणून त्याविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे. शेजाऱ्यापेक्षां आपलें नांव वरचढ दिसावें, पाळकांनीं वाहवा करावी, आपण किती बदललों हें गांवाला दिसावें, म्हणून कित्येक आईबाप असें लांब व अवघड नांव निवडितात कीं आजीच्या तोंडीं तें बसत नाहीं. आजी बिचारी तीन वेळां अडखळते आणि मग "ए पोरा" म्हणूं लागते. ज्या नांवानें स्वतःच्या आजीला हांक मारितां येत नाहीं, तें नांव मुलाला मिळालें काय? तें आईबापांस मिळालें. असें नांव म्हणजे मुलाच्या गळ्यांत अडकविलेली आपल्या धर्मनिष्ठेची पाटी.

यावर कोणी म्हणेल, "ख्रिस्तासाठीं निंदा सोसणें हें तर आमचें भूषण आहे, मुलालाही तें भूषण मिळूं द्या." या बोलण्यांत एक सत्य व एक चूक आहे. निंदा सोसणें हें भूषण खरेंच. पण तें सोसणाऱ्याचें भूषण आहे, सोसावयास लावणाऱ्याचें नव्हे. आपला वधस्तंभ आपण उचलणें हा विश्वास आहे; दुसऱ्याच्या खांद्यावर न विचारतां ठेवणें हा विश्वास नव्हे. प्रभूनें शिष्यांस आपापला वधस्तंभ उचलावयास सांगितलें. दुसऱ्यांसाठीं वधस्तंभ तयार करून ठेवावयास सांगितलें नाहीं. उलट, शास्त्री व परूशी जड ओझीं बांधून लोकांच्या खांद्यांवर देतात व आपण बोटही लावीत नाहींत, असा दोष त्यानें त्यांस लाविला. मूल मोठें होऊन ख्रिस्ताला आपला म्हणेल, तेव्हां निंदा सोसावयाची कीं नाहीं तें त्याचें तें ठरवील. पाळण्यांतील मुलाच्या वतीनें शूर होणें फार सोपें आहे.

येथें ओघानें आणखी एक प्रश्न येतो, आणि उपदेशकांस तो वारंवार विचारण्यांत येतो. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आपल्या बांधवांत वारावरून नांव ठेवण्याची जुनी चाल आहे. सोमवारीं जन्मला तो सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा शुक्र्या; मुलगी असली तर सोमी, बुधी, शुक्री. प्रभूकडे आल्यावर हीं नांवें टाकलींच पाहिजेत काय? शास्त्र पाहतां तशी आज्ञा कोठें आढळत नाहीं. "शौलाचा पौल झाला" असें आपण म्हणतों. परंतु प्रेषितांचीं कृत्यें नीट वाचावीं. दिमिष्काच्या वाटेवर पालट झाल्यानंतरही कित्येक अध्याय तो शौलच आहे, आणि तेराव्या अध्यायांत त्याला पौलही म्हणत एवढेंच सांगितलें आहे. नांव बदलून त्याचा पालट झाला नाहीं. रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत पौल ज्यांस सलाम सांगतो त्यांत हर्मेस व निरिय आहेत. हीं दोन्ही ग्रीक लोकांच्या देवांचीं नांवें. ज्या फीबी बहिणीची तो शिफारस करितो तिचें नांवही ग्रीक देवतेचें. अपुल्लो आणि एपफ्रदीत यांच्या नांवांतही अपोलो व अफ्रोदीती या देवता आहेत. पौलानें त्यांपैकीं कोणासही नांव बदलावयास सांगितल्याचें आढळत नाहीं.

आपल्या मराठी लोकांतही दोन्ही प्रकार झाले. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीं १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां नहेम्या हें नांव घेतलें. नारायण शेषाद्रि यांचा बाप्तिस्मा १८४३ सालीं झाला व नारायण वामन टिळक यांचा १८९५ सालीं. ते दोघेही नारायणच राहिले. लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला, आणि त्या लक्ष्मीबाईच राहिल्या. नहेम्या गोऱ्हे अधिक ख्रिस्ती आणि टिळक कमी, असें कोण म्हणेल? म्हणून ज्याला मनापासून नवें नांव घ्यावेंसें वाटतें त्यानें तें आनंदानें घ्यावें. पण सोमवारीं जन्मल्याची खूण अंगावर राहिली म्हणून कोणाच्या तारणांत उणें येत नाहीं. सोमवारही देवानेंच केला आहे.

आतां हंसणाऱ्यांकडे वळूं. नांव देतांना विचार करावा असें आम्हीं म्हटलें. पण विचार करणें निराळें आणि भिणें निराळें. विचार करणारा मुलाकडे पाहतो. भिणारा लोकांकडे पाहतो. भीति एकदां घरांत शिरली म्हणजे ती नांवापाशीं थांबत नाहीं. आज ती नांव बदलावयास सांगते, उद्यां बोली लपवावयास, परवां आईची ओळख नाकारावयास. आणि इतकें करूनही हंसणारा थांबत नाहीं. पूर्वीं आपल्या लोकांच्या मुलांस "बाटगा" म्हणून चिडवीत, तें त्यांचीं नांवें कठीण होतीं म्हणून काय? हंसणारा नांवाला हंसत नसतो. हा गरीबाचा, हा परका, हा एकटा, याच्यामागें कोणी नाहीं, असें त्यानें आधीं ताडलेलें असतें. नांव हें फक्त हातीं सांपडलेलें ढेंकूळ. तें ढेंकूळ हातून काढून घेतलें तर तो दुसरें उचलतो.

म्हणून नांवाची प्रतिष्ठा अक्षरांत नसून माणसांत आहे, ही गोष्ट मुलांस उदाहरणांनीं शिकवावी, आणि उदाहरण शोधावयास फार दूर जावयास नको. जव्हार तालुक्यांतील वाळवंडा गांवचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या प्रसंगीं पद्मश्री जाहीर झाली. भिकल्या! ज्या नांवांत भीक हा शब्द ऐकूं येतो, तें नांव देशाच्या सन्मानाच्या यादींत लिहिलें गेलें, आणि तेथें कोणी हंसलें नाहीं. त्यापूर्वीं २०११ सालीं डहाणू तालुक्यांतील गंजाड येथील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांसही पद्मश्री मिळाली होती. त्यांच्या वडिलांचें सोमा हें नांव सोमवाराचीच आठवण देतें. या दोघांनीं आपलीं नांवें झांकलीं नाहींत. नांवांनीं त्यांस मोठें केलें नाहीं. त्यांनीं नांवांस मोठें केलें. शास्त्रांतील याबेसाचीही हीच गोष्ट. त्याच्या आईनें त्याला वेदनांवरून नांव दिलें. तरी तो आपल्या भावांपेक्षां अधिक मान्यता पावला, कारण त्यानें देवाची प्रार्थना केली व देवानें ती ऐकिली.

इतकें सांगून झाल्यावर एक गोष्ट राहते, आणि तीच आमच्या मतें मुख्य आहे. आपण नांवाविषयीं पुष्कळ बोलतों, पण हांकेविषयीं बोलत नाहीं. मराठींत माणसाची किंमत नांवावरून कळत नाहीं, तर नांवाच्या शेपटावरून कळते. सोमा या एकाच नांवाचे सोमाजी, सोमाभाऊ, सोमादादा होतात, आणि सोम्याही होतो. जव्हार हें १९४८ पर्यंत संस्थान होतें. तेथील मुकणे राजे महादेव कोळी समाजाचे. शेवटच्या राजांचें नांव यशवंतराव. राजाच्या नांवाला "राव" लागला. त्याच डोंगरांतील त्याच समाजाच्या नांगरधाऱ्याच्या नांवाला मात्र "या" लागला. आपण बैलांस ढवळ्या, पवळ्या म्हणतों, आणि माणसांस सोम्या, बुध्या म्हणतों. दोहोंचा शेवट एकच. इतकेंच नव्हे, तर ज्याची कांहीं किंमत नाहीं अशा माणसाला मराठी भाषा "सोम्या-गोम्या" म्हणते. सोमवारीं जन्मलेल्या हजारों कष्टाळू माणसांचें नांव भाषेनें कवडीमोल करून ठेविलें, आणि आपण तो शब्द सहज तोंडांतून काढितों.

तरी "सोम्या" हा शब्द स्वतः वाईट नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. सायंकाळीं दारांत उभी राहून आई "सोम्या रे!" म्हणून हांक मारिते, तेव्हां त्यांत सगळी माया भरलेली असते. तोच शब्द भट्टीवरचा मुकादम उच्चारितो, तेव्हां तो चाबकासारखा लागतो. अक्षरें तींच, हांक निराळी. मूल हा फरक शिकविल्यावांचून ओळखतें. म्हणून ज्याला मुलाला चेष्टेपासून वांचवावयाचें आहे त्यानें नांव निवडण्यांत एक घटका घालवावी, आणि हांक सुधारण्यांत सगळा जन्म घालवावा.

येथें आम्हां उपदेशकांनीं आपल्याकडे पाहिलें पाहिजे. मंडळींत कोणी शिकलेला, नोकरदार मनुष्य आला तर आपण त्याला "साहेब", "राव", "भाऊ" म्हणतों. आणि साठ वर्षांच्या वृद्ध बंधूला मात्र "काय रे बुध्या" म्हणतों. त्या वृद्धाचा नातू पुढच्या ओळींत बसलेला असतो. त्यानें त्या दिवशीं उपदेशांतून काय ऐकिलें तें तो विसरेल. आपल्या आजोबाला काय हांक मारिली तें विसरणार नाहीं. उद्यां तोच मुलगा शाळेंत दुसऱ्या कोणाची चेष्टा करील. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ ज्यांस एकच भाकर मिळते, त्यांस दाराबाहेर दोन प्रकारच्या हांका कां मिळाव्यात? आपल्या मंडळींत वडील माणसाला "बाबा", "दादा", "आई", "बाय" म्हणावें, मुलालाही त्याचें पूर्ण नांव घेऊन बोलवावें, एवढी रीत पडली तर अर्धी चेष्टा आपोआप ओसरेल. हें करावयास पैसा लागत नाहीं, वरून हुकूमही यावा लागत नाहीं.

आईबापांसाठीं कांहीं साध्या सूचना करितों. नांव ठरविण्यापूर्वीं तें चार वेळां मोठ्यानें उच्चारून पाहावें. आजीला व लहान भावंडांस उच्चारावयास सांगावें. शाळेंत जाणाऱ्या एखाद्या मोठ्या मुलाला विचारावें, कारण नांवाचें काय वांकडें होईल तें त्याला पाळकांपेक्षां लवकर कळतें. नांवाचा अर्थ असा असावा कीं मुलाला तो एका वाक्यांत सांगतां यावा. शास्त्रांतील नांव घ्यावें, नाहीं तर कृपा, आशा, करुणा, देवदान, शांतवन, प्रभुदास, विश्वास अशीं आपल्या भाषेंतील नांवेंही चांगलीं आहेत. आणि शेवटीं स्वतःला विचारावें, हें नांव मी कोणासाठीं ठेवीत आहें?

दुसरी सूचना कागदाची. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत करावी. नांव ठरलें नसलें तरी जन्म नोंदवितां येतो. त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत फी न देतां नांव लिहवितां येतें, आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंतही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळेंत प्रवेशासाठीं व इतर पुष्कळ कामांसाठीं जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा झाला आहे. म्हणून मंडळींत एक नांव व दाखल्यावर दुसरें, असें होऊं देऊं नये. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाच्या नांवानंतर प्रथम आईचें, मग बापाचें नांव व आडनांव लिहावयाचें, असा महाराष्ट्र सरकारचा नियम आहे. आईचें नांव आतां मुलाच्या नांवाशेजारीं जन्मभर राहणार. तर त्या आईलाही घरांत व मंडळींत तिच्या नांवानें, मानानें हांक मारण्याची संवय लावून घेणें बरें.

इतकें करूनही एखादे दिवशीं मूल रडत घरीं येईल. तेव्हां "त्यांत काय झालें?" असें म्हणून त्याला वाटेला लावूं नये. त्याला जवळ घेऊन त्याच्या नांवाची गोष्ट सांगावी: तूं कोणत्या दिवशीं जन्मलास, पाऊस होता कीं चांदणें, नांव कोणीं सुचविलें, आम्हांस तें कां आवडलें. ज्याला आपल्या नांवाची गोष्ट ठाऊक आहे त्याचें नांव सहजासहजीं हिरावून घेतां येत नाहीं. मग शाळेंत जाऊन गुरुजींशीं सौम्यपणें बोलावें. आणि आपलें मूल दुसऱ्याची चेष्टा करितें असें कळलें, तर त्याला तेथल्या तेथें आवरावें. आपल्या मुलाच्या अश्रूंइतकेच आपल्या मुलानें काढविलेले अश्रू जो बाप मोजतो, तोच न्यायी बाप.

मुलाला आणखी एक गोष्ट सांगावी. येशू हें नांव त्या काळीं यहूदी लोकांत अगदीं सर्वसाधारण होतें. त्यांत कोणता थाट नव्हता. त्याच्या गांवचे लोक त्याला सुतार म्हणून, मरीयेचा मुलगा म्हणून उडवून लावीत. आणि नासरेथासारख्या खेड्यांतून कांहीं चांगलें निघेल काय, अशी शंका नथनेलानेंही काढिली होती. खेड्याचा, कारागिराचा, साध्या नांवाचा असा तो आपला प्रभु. आपण मेंढपाळ असून मेंढरांस एकेकाच्या नांवानें हांक मारितों, असें त्यानें स्वतःविषयीं सांगितलें. आपल्या डोंगरांत गुरें राखणाऱ्या मुलाला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं. शंभर गुरांतून आपली गाय कोणत्या हांकेला मान वर करिते हें त्याला ठाऊक आहे. मेंढपाळाची हांक मेंढराला ओळखतां येते, कारण ती हांक त्याला बोलावण्यासाठीं असते, हिणविण्यासाठीं नसते. बंधूंनो, येत्या प्रभुवारीं मंडळींत एकमेकांस हांक मारतांना एवढें ऐकून पाहावें, कीं आपल्या हांकेला समोरचा मनुष्य मान वर करितो कीं मान खालीं घालितो.